जाळ वांग्याला, निखारा कणसाला, राख रताळ्याला: भाज्या भाजून चवदार कशा करायच्या

थंडी पडली की जळगाव, यावल, रावेर, भुसावळ या सगळ्या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत पार्टी असतेच. आणि दरवेळी बाहेरगावहून आलेले एखादे पाहुणे पहिला घास खाल्ला की विचारतात, मसाला कोणता घातलाय हो? मसाला काहीच नसतो. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, जिरं, तेल आणि मीठ, बस. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो तर अजिबातच नाही. चव येते ती भाजण्यातून, आणि हे एकदा हाताला कळलं ना की मग वांगंच काय, फ्लॉवर, गाजर, कांदा, रताळं, काहीही भाजा, चव बदलूनच जाते.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की आता घरोघरी ओव्हन आलेत, एअर फ्रायर आलेत, लोक हौसेने भाज्या रोस्ट करतात, चांगलीच गोष्ट आहे, पण ताटात जे येतं ते बऱ्याचदा भाजलेलं नसतं, वाफवलेलं असतं. मऊ, फिकट, वरून चाट मसाला भुरभुरलेलं. त्याला इलाज मसाल्यात नाही, आगीत आहे.

आधी पाण्याचं बघा

वांग्यात जवळपास ९२ टक्के पाणी असतं. फ्लॉवरमध्येही तेवढंच, टोमॅटोत त्याहून थोडं जास्त, गाजरात ८८ च्या आसपास, बटाट्यात ८० च्या आत-बाहेर. म्हणजे आपण भाजी भाजतो म्हणजे खरं तर पाणी हाकलत असतो. पाणी १०० डिग्रीला उकळतं, आणि जोपर्यंत भाजीचा वरचा भाग ओला आहे तोपर्यंत तो भाग त्या १०० च्या वर फारसा जातच नाही, खाली कितीही जाळ करा. आणि जो तांबूस रंग, तो खमंग वास आपल्याला हवा असतो, तो साधारण १४० डिग्रीच्या पुढे जोरात तयार होतो. भाकरीचा पापुद्रा टरारून फुगतो आणि त्यावर काळे-तांबडे ठिपके येतात ना, तोच प्रकार. भाकरीला आपण एका बाजूने पाणी लावतो, पण ते पाणी आटलं की मगच उलटतो, ओली असताना उलटली तर तिला ना रंग ना वास. भाजीचंही तेच.

म्हणून पहिली स्टेप, आणि हीच सगळ्यात जास्त लोक सोडून देतात: भाजी धुतली की पंचावर पसरून कोरडी करा. नुसती निथळून चालत नाही, फ्लॉवरच्या तुऱ्यात पाणी लपून बसतं, ते अर्धा तास तरी वाऱ्यावर राहू द्या, पंख्याखाली ठेवा. मी सकाळी भाजी धुऊन ठेवतो आणि संध्याकाळी भाजतो, एवढ्या एकाच गोष्टीने फरक पडतो, बाकी काही बदलू नका आणि करून बघा.

आगीचे तीन टप्पे

आमचे आबा मळ्यात शेकोटी पेटवली की ती फुकट जाऊ देत नसत. जाळ होता तोवर वांगी, जाळ बसून लाल विस्तव राहिला की कणसं, कांदे, मिरच्या, आणि सगळे उठून जेवायला बसले की मागे राहिलेल्या गरम राखेत रताळी पुरून ठेवायची, ती निघताना उकरायची. लहानपणी वाटायचं ही आपली सवय आहे म्हणून, पण नंतर कळलं की यात पूर्ण शास्त्र आहे. प्रत्येक भाजीला आगीचा आपला एक टप्पा लागतो. मोठी, पातळ सालीची, पाणीदार भाजी जाळावर, लहान आणि लवकर करपणारी निखाऱ्यावर, आणि घट्ट, पिठूळ कंदमुळं राखेत. तुमच्याकडे मळा नसेल तरी हे तीन टप्पे किचनमध्ये करता येतात. गॅसची उघडी ज्योत म्हणजे जाळ, कडक तापलेला लोखंडी तवा म्हणजे निखारा, आणि कमी आचेवरचा बंद ओव्हन किंवा झाकलेली जाड बुडाची कढई म्हणजे राख. पुढचं सगळं याच हिशोबाने सांगतो.

जाळ: वांगं

आमचं भरताचं वांगं वेगळंच असतं. जांभळं किंवा काळं नाही, तर फिकट हिरवं आणि त्यावर पांढरट रेघा, आकाराने मोठं, पातळ सालीचं, गर भरपूर आणि बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद, भालोद, इकडे जळगावला लागून असलेलं आसोदा, बहिणाबाई चौधरींचं माहेर ते हेच आसोदा, इथली वांगी म्हटली की बाजारात भाव विचारायच्या आधी लोक पिशवी पुढे करतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. सीझन हिवाळ्याचा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून आहेत, ती चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांग्याला हात लावतात, आणि गंमत म्हणजे तेव्हाच वांगं चवीला सगळ्यात भारी असतं.

घेताना काय बघायचं? देठ हिरवा आणि ताजा, साल चकचकीत आणि ताणलेली, कुठेही भोक नाही, भोक म्हणजे आत अळी. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर ते घ्या, जड वांग्यात बिया जास्त निघतात. हिरवं मिळालं नाही तर मोठं जांभळंही चालेल, भरीत होतंच, फक्त साल जरा जाड असते म्हणून वेळ जास्त द्यावा लागतो. दोन लहान घेण्यापेक्षा एक मोठं घ्या, लहान वांग्यात साल करपेपर्यंत गर सुकून जातो.

मळ्यात वांगी भाजतात ती काट्यांवर, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर. कपाशी वेचून झाली की उपटलेल्या पऱ्हाट्या बांधाला पडलेल्या असतात, त्याच. या काड्या बारीक, कोरड्या, लाकडासारख्या टणक, एकदम भडकतात आणि जाळ उंच करतात. लाकूड जळताना त्यातून जो धूर निघतो त्यातच तो वास असतो आणि तो वास गरात मुरतो. एक काळजी घ्या, काड्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, आणि नुकतीच फवारणी झालेल्या शेतातल्या घेऊ नका, जुन्या, पावसात धुऊन वाळलेल्या बघा. ओल्या काडीचा धूर कडू आणि डोळ्यात पाणी आणणारा, तो भरतात उतरतो.

खाली काट्यांचा हातभर थर, त्यावर वांगी एकमेकांना न चिकटता, वरून परत हलका थर, आणि वाऱ्याच्या बाजूने पेटवायचं. वांग्याला आधी सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून घ्या, नाहीतर आतली वाफ कोंडून ते फुटतं. पेटलं की तडतड आवाज येतो, साल आधी चमकते, मग तिच्यावर फोड येतात, मग ती काळी पडून भेगाळते, आणि देठाजवळून बारीक फुसफुस करत वाफ आणि रसाचे बुडबुडे यायला लागतात. ती फुसफुस ऐकू आली की समजा आत शिजायला लागलंय. दोन लांब काड्यांनी हळूच फिरवायचं, आमच्या काकांच्या हाताला ही सवय अशी बसलीय की एकही वांगं फुटत नाही, मला अजून जपून करावं लागतं. काड्या संपत आल्या तर थोड्या थोड्या टाकत राहा, ढीग एकदम टाकला तर जाळ गुदमरतो आणि नुसता धूर होतो. मोठ्या वांग्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. झालं की नाही ते देठाच्या खालच्या बुंध्याशी दाबून बघा, पोट आधी मऊ होतं, मानेचा भाग सगळ्यात शेवटी, आणि बरेच जण पोट मऊ लागलं की काढतात, मग भरतात तो कचकचीत तुकडा येतो.

वांगं काढताना पूर्ण काळं झालेलं पाहिजे. घाबरू नका. साल ही ढाल आहे, ती जळते म्हणून आतला गर स्वतःच्या रसात शिजतो आणि धुराचा वास घेतो. नुसतं तांबूस असताना काढलंत तर उकडलेलं वांगं खाल्ल्यासारखं लागेल.

साल काढताना चव घालवू नका

गरम वांगी पातेल्यात घालून दहा मिनिटं झाकून ठेवा, वाफेने साल सुटते. मग हात गार पाण्यात बुडवायचा आणि साल ओढायची, वांगं नळाखाली धरायचं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं नळाखाली धरून स्वच्छ करत होतो, पांढराशुभ्र गर निघायचा, बघायला छान, आणि भरीत मिळमिळीत व्हायचं, मला कळायचंच नाही की मळ्यातल्यासारखं का लागत नाही. सगळा धूर मीच मोरीत सोडून देत होतो. बोटं ओली करा, वांगं नाही. सालीचे चार-दोन काळे ठिपके गरात राहिले तर राहू द्या, त्यांनीच वास टिकतो.

सोललेली वांगी तिरक्या ताटात किंवा चाळणीत दहा मिनिटं ठेवा. तपकिरी पाणी निघतं, ते थोडं तुरट-कडवट असतं, टाकून द्या. या एका स्टेपने भरीत पाणचट होत नाही आणि तेलही कमी लागतं. देठ काढू नका लवकर, देठ धरून वांगं उभं लटकवता येतं.

ठेचणं आणि फोडणी

आमच्याकडे भरीत मिक्सरला लावणं म्हणजे अपमानच. लाकडाची लांबट, कोरलेली बडगी असते, काही घरांत बडजी म्हणतात, तिच्यात लाकडी मुसळीने ठेचतात. लाकडाने गराचे धागे तुटत नाहीत, चेपले जातात, म्हणून भरताला तो रेशा-रेशांचा पोत येतो. मिक्सरमध्ये त्याचीच चिकट पेस्ट होते. बडगी नसेल तर लाकडी पाटावर रवीच्या मागच्या बाजूने ठेचा, पावभाजीच्या मॅशरनेही बऱ्यापैकी जमतं, पण हलक्या हाताने.

एक किलो वांग्यांचा माझा हिशोब असा: दहा-बारा तिखट हिरव्या मिरच्या, लसणाच्या वीसेक पाकळ्या, अर्धी वाटी शेंगदाणे, मूठभर सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, कांद्याच्या पातीची एक मोठी जुडी, कोथिंबीर हवी तितकी, आणि तेल अर्ध्या वाटीच्या जरा आत. तेलाला कंजूसपणा करू नका, धुराचा वास आणि मिरचीचा तिखटपणा हे दोन्ही पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात, म्हणजे तेल आहे म्हणून तो वास प्रत्येक घासाला जिभेवर येतो.

तेल तापलं की आधी शेंगदाणे, ते तडतडले की काढून ठेवा, मग खोबऱ्याचे काप, ते सेकंदात रंग बदलतात, डोळा हटवू नका. त्याच तेलात मिरच्या आणि पंधरा-सोळा लसूण पाकळ्या, मिरचीवर पांढरे फोड येईपर्यंत. या मिरच्या-लसूण बडगीत मिठाबरोबर आधी ठेचायच्या आणि मग त्याच बडगीत वांगी. उरलेल्या चार लसूण पाकळ्या कच्च्याच ठेचून अगदी शेवटी घाला. कारण असं की लसणाची जी झणझणीत चव असते ती पाकळी ठेचल्यावरच तयार होते, आणि आख्खी पाकळी आधी तापवली की ती तयार व्हायची ताकदच जाते, तो लसूण गोडसर लागतो. भरताला गोडसर लसूण पण हवा आणि झणझणीत पण हवा, म्हणून दोन्ही.

मग उरलेल्या तेलात जिरं, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग मिनिटभर, ठेचलेलं वांगं, पाच-सात मिनिटं परता, कडेने तेल दिसायला लागलं की गॅस बंद, आणि मग हिरवी पात, कोथिंबीर, दाणे, खोबरं. पात शिजवायची नाही, ती कच्चीच करकरीत राहिली पाहिजे. सोबत कळण्याची पुरी नाहीतर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, आणि केळीच्या पानावर वाढलं तर आणखी काही लागत नाही.

घरी फक्त गॅस असेल तर

गॅस जवळपास धुराशिवाय जळतो, त्यामुळे काट्यांचा वास त्यातून येणारच नाही, जो काही वास येईल तो फक्त जळलेल्या सालीचा. म्हणजे गॅसवर तर साल अजूनच नीट जाळायला हवी. वांग्याला तेलाचा हात लावा, टोचा, फुलक्याच्या जाळीवर मध्यम आचेवर ठेवा, मोठ्या आचेवर साल पाच मिनिटांत जळते आणि आत दगड राहतो. देठ धरून दर तीन-चार मिनिटांनी पाव वळसा फिरवा. अर्धा किलोच्या वांग्याला वीस मिनिटं धरून चला. शेवटी देठाची बाजू ज्योतीवर उभी धरा दोन मिनिटं.

धूर हवाच असेल तर कोळशाची धुनी द्या. लाल झालेला कोळसा वाटीत ठेवून ती वाटी भरताच्या मधोमध, कोळशावर चमचाभर तेल किंवा तूप, आणि लगेच घट्ट झाकण. तीन-चार मिनिटं, जास्त नाही, जास्त ठेवलं तर राखेसारखी कडू चव येते. खिडकी उघडी ठेवा, आणि बंद फ्लॅटमध्ये शेगडी पेटवून भाजायचा मोह अजिबात करू नका, कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, कळतही नाही. ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी लोखंडी घमेल्यात काट्या पेटवून भाजा, गावाकडून पोतंभर काट्या आणून ठेवणारी घरं जळगावात कितीतरी आहेत.

निखारा: कणीस, मिरची, कांदा, टोमॅटो

काट्यांचा विस्तव फार टिकत नाही, पटकन राख होते, म्हणून निखाऱ्यावर भाजायचं असेल तर बाभळीचं लाकूड नाहीतर गोवऱ्या घाला. निखारा लाल असावा आणि वर राखेचा पातळ पांढरा पडदा आलेला असावा, ज्योत नको. दादर ज्वारीचा हुरडा भाजतात तो असाच गोवऱ्यांच्या विस्तवात, आणि हुरड्याला जे लागू ते कणसाला पण लागू.

कणीस तोडलं त्याच दिवशी भाजा, शक्य असेल तर त्याच तासात. तोडल्यापासून दाण्यातली साखर हळूहळू पिठात बदलत जाते, दोन दिवसांचं कणीस भाजलं तर ते चघळत बसावं लागतं, त्यावर कितीही लिंबू-मीठ चोळा. वरची पानं सगळी काढू नका, आतली दोन राहू द्या, त्यात दाणे आधी वाफेवर मऊ होतात, मग पानं जळून गेली की उघड्या दाण्याला डाग पाडा.

मिरचीला तव्यावर तेल घालायचं ते ती भाजल्यावर. कोरड्या कडक तव्यावर मिरच्या दाबून दाबून भाजा, डाग पडले की मग तेल आणि मीठ. लसूण सालीसकट टाका, साल जळते, पाकळी वाचते. कांदा आख्खा सालीसकट निखाऱ्यात किंवा गॅसवर जाळीवर, बाहेरून काळा होऊ द्या, आतली पाकळी गोड आणि रसरशीत निघते. आपल्या शेवभाजीच्या काळ्या रश्शाचा रंग आणि चव यातनंच येते, भाजलेला कांदा आणि भाजलेलं सुकं खोबरं, दोन्ही जेवढं धीराने भाजाल तेवढा रस्सा खोल लागतो. चिरून तेलात परतलेल्या कांद्याने ते होत नाही, मी दोन्ही शेजारी-शेजारी करून बघितलंय.

टोमॅटोचं सोपं आहे: ज्योतीवर साल फुटेपर्यंत, बस, त्याहून जास्त भाजलं तर पाणी होऊन खाली पडतं.

राख: रताळी आणि बटाटे

रताळ्याबद्दल एक गोष्ट माहीत असली की पुन्हा कधी कुकरला लावणार नाही. रताळ्यात स्वतःचंच एक पाचक द्रव्य असतं जे पिठाची साखर करतं, आणि ते साधारण ६० ते ७५ डिग्रीच्या मधे जोरात काम करतं. कुकरमध्ये रताळं हा टप्पा पटकन ओलांडून जातं, साखर व्हायला वेळच मिळत नाही. राखेत ते तासभर हळूहळू तापतं, म्हणून राखेतलं रताळं फोडलं की आतून पाक सुटलेला असतो, सालीला मधासारखे चिकट थेंब येतात. ही गोडी बाहेरून घातलेली नसते, त्याच्यातच होती, तिला वेळ दिला एवढंच.

जाळ पूर्ण बसल्यावर राख बाजूला करा, रताळी न धुता, नुसती माती पुसून ठेवा, वर राख ओढा, आणि त्यावर थोडे निखारे. मध्यम रताळ्याला पाऊण तास ते एक तास. घरी ओव्हनमध्ये करायचं तर ओव्हन आधी तापवू नका, थंड ओव्हनमध्येच आख्खी रताळी ठेवून १५० डिग्रीवर एक तास, मग २०० वर पंधरा-वीस मिनिटं, सालीसकट. ओव्हन नाही? जाड लोखंडी कढईत तळाला जाड मिठाचा थर, त्यावर रताळी, घट्ट झाकण, एकदम बारीक गॅस, तासभर, मधे एकदा उलटा. तेच मीठ गाळून पुढच्या वेळी परत वापरता येतं. बटाटाही असाच होतो, फक्त तो गोड होत नाही, आतून कोरडा आणि पिठूळ होतो, आणि त्यावर ठेचा-तेल घातलं की पोटभर जेवण.

ओव्हन, एअर फ्रायर: फ्लॉवर, गाजर, भोपळा, बीट

इथे काही गोष्टी एकापाठोपाठ एक नीट कराव्या लागतात. ओव्हन २१० डिग्रीवर पूर्ण तापू द्या, ट्रे सुद्धा आत ठेवूनच तापवा, तव्यावर भाकरी टाकायच्या आधी तवा तापवतो तसा. फोडी सारख्या आकाराच्या, फ्लॉवरचा तुरा मधोमध उभा कापा म्हणजे एक बाजू सपाट मिळते, ती सपाट बाजू ट्रेला टेकवा, डाग तिथेच पडतो. पाव किलो भाजीला मोठा चमचाभर तेल, हाताने चोळून, प्रत्येक फोड नुसती ओलसर दिसली पाहिजे. मीठ अगदी शेवटच्या क्षणी, ट्रेवर टाकताना, कारण मीठ लावून भाजी तशीच ठेवली तर तिला पाणी सुटतं आणि आपण मघाशी पंचाने पुसून केलेली सगळी मेहनत गेली.

आणि गर्दी करू नका. फोडीफोडीत बोटभर जागा. एकमेकीला चिकटल्या की त्यांच्या वाफेत त्या शिजतात. पाहुणे जास्त असतील तर दोन ट्रे लावा, दोन खेपा करा, पण ढीग नको. एअर फ्रायरचं भांडं तर अजूनच लहान, त्यात अर्ध्याच्या वर कधी भरू नका.

पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. उलटायची घाई सगळ्यांना असते, पण फोड तयार नसेल तर ती ट्रेला चिकटते, तयार झाली की आपोआप सुटते. मग उलटा आणि आणखी आठ-दहा मिनिटं. गाजर-बीटला थोडं जास्त, बीट आधी अर्धवट उकडलं तर सोपं जातं.

लाल तिखट, हळद, धने-जिरे पूड सुरुवातीला घालू नका, २०० डिग्रीला अर्धा तास राहिली तर ती जळून कडू होते. शेवटची पाच मिनिटं राहिली की चमचाभर तेलात कालवून वरून चोळा. आमच्या घरी मुलांना आवडतो तो प्रकार म्हणजे भाजलेला फ्लॉवर बाहेर काढला की गरम असतानाच त्यावर शेंगदाण्याचा जाडसर कूट, तीळ आणि लसणाची कोरडी चटणी. कूट तेलाला चिकटतो आणि प्रत्येक तुऱ्याला खमंग कोट बसतो. भोपळ्याला जवसाची चटणी, गाजराला नुसतं भाजलेलं जिरं आणि मिरपूड.

शेवटचा हात

भाजलेल्या भाजीला शेवटी काहीतरी आंबट हवंच, ती चव एकदम उघडते. लिंबू नेहमी आग बंद केल्यावर, ताटात, गरम तव्यावर पिळलं की त्याचा ताजेपणा जातो. ताक, घट्ट दही, कैरीच्या दिवसात कैरीचा कीस, हे पण चालतं. भरतात मात्र मी लिंबू घालत नाही, भरताबरोबर मुळा आणि कांद्याची पात कच्ची चावायची, त्यात सगळं येतं. मीठही एकदा शेवटी चाखून वाढवा, कारण भाजी आटली की मीठ पुढे येतं आणि आधीच अंदाजाने घातलेलं हमखास जास्त होतं.

भरीत उरलं तर रात्री पात न घातलेला भाग वेगळा काढून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस छान राहतं आणि दुसऱ्या दिवशी मुरून जास्तच चांगलं लागतं. खाताना तव्यावर चमचाभर तेलात परता आणि पात तेव्हाच नवीन चिरून घाला. आणि काट्यांवर वांगी भाजतच असाल तर जाळ आहे तोवर दोन वांगी जास्तीची भाजून घ्या, सोलून, निथळून, डब्यात घालून डीप फ्रीजला ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये भरताची वांगी बाजारातून गेली की तो डबा उघडा, झाकण काढल्या काढल्या मळ्यातला वास येतो.